दारातला थांबा

नदीच्या दोन काठांवर दोन शहरं होती आणि दोघांच्याही बस पुलापाशी येऊन परत फिरत. पूल नेमका कोणाच्या हद्दीत, हे कधी ठरलं नव्हतं. त्यामुळे ज्याला पलीकडे जायचं असेल तो एका बसमधून उतरे, पिशव्या सांभाळत पूल चालून जाई आणि नवं तिकीट काढून दुसऱ्या बसमध्ये बसे. दुसरी बस बहुधा नुकतीच गेलेली असे.

पुढे पलीकडच्या शहरात मोठं रुग्णालय झालं. अलीकडचे रुग्ण पूल चालून तपासणीला जाऊ लागले. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कळवलं की, माणसं धापा टाकतच आत येतात, त्यामुळे कोणाचाच रक्तदाब खरा कळत नाही. मग दोन्ही नगरपालिका, दोन्हीकडच्या बस कंपन्या, जिल्ह्याचं कार्यालय आणि रुग्णालय यांनी मिळून संयुक्त परिवहन भागीदारी स्थापन केली. सुरुवातीच्या बैठका बसच्या रंगावर झाल्या. एका शहराच्या बस हिरव्या होत्या, दुसऱ्याच्या निळ्या, आणि मागे हटायला कोणी तयार नव्हतं. शेवटी बस एका बाजूने हिरवी आणि दुसऱ्या बाजूने निळी रंगवायची असं ठरलं. त्यानंतर मात्र कामं भराभर झाली. पुलावरून जाणारा मार्ग आखला गेला, दोन्हीकडे चालणारं एकच तिकीट निघालं, आणि थांबे कुठे हवेत हे विचारायला भागीदारीची एक तरुण नियोजक घरोघर फिरू लागली. तिच्या काखेत कायम नकाशाची गुंडाळी असे. लोक तिला नकाशावाली म्हणू लागले.

फिरत फिरत नकाशावाली वेलांटीकाकांच्या दारात आली.

वेलांटीकाका निवृत्त मुद्रितशोधक होते. सगळं आयुष्य छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलं आणि निवृत्त झाल्यावर ही सवय ठेवायला घरात जागा नव्हती, म्हणून ती रस्त्यावर आली. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यातल्या सूचना, कोणाचं मांजर हरवल्याची जाहिरात, काही सुटत नसे. मांजर हरवलेल्या बाईंना त्यांनी दुरुस्त मजकूर नेऊन दिला होता. मांजराचं काय झालं ते त्यांनी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला बस कुठून कुठे हवी आहे?" नकाशावालीने विचारलं.

"कुठूनच नको. माझ्याकडे गाडी आहे," काका म्हणाले.

"मला पुलापलीकडे हवी आहे," आतून काकूंचा आवाज आला. "ताईकडे जायला."

नकाशावालीने दोन्ही मतं नोंदवली आणि घराबाहेरचा फुटपाथ पावलांनी मोजून घेतला.

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. ती पुलापलीकडे राहायची, म्हणजे बोलावलं तर चहा गार व्हायच्या आत पोचता येईल इतकी जवळ. पण काकूंचे गुडघे पूल चालायच्या लायकीचे राहिले नव्हते, गाडी फक्त काकांना चालवता येई, आणि काका त्या घरी पाऊल ठेवत नसत. कारण असं की, ताईच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा ताईच्या यजमानांनी, म्हणजे काकांच्या साडूंनी, पत्रिकेचा मजकूर स्वतः लिहिला होता. काकांनी ती पत्रिका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली. शेवटी 'एकंदर प्रयत्न बरा' असा शेराही मारला. ते आपलं मदत म्हणूनच केलं होतं. साडूंनी ते मदत म्हणून घेतलं नाही. तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला होता, आणि बहिणी तेवढ्या फोनवर बोलत.

वसंत सरता सरता एका सकाळी दोन माणसं आली, त्यांनी फुटपाथला भोक पाडलं आणि एक खांब उभा करून निघून गेली. खांबाच्या टोकाला पाटी होती: 'विनती थांबा'. काका खिडकीतून पाटीकडे बघत राहिले. अनुस्वार नव्हता. त्याहून वाईट म्हणजे थांबा त्यांच्या बैठकीच्या खिडकीसमोर होता. तिथे फुटपाथ सगळ्यात रुंद होता, ही त्या खिडकीची चूक नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीत माणसं उगवली. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये केस कापणारी बाई खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवून आरशात बघावं तशी काचेत बघून केस सारखे करी. काचेमागे काका वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. ती त्यांच्याकडे बघून हसे, आणि काकांनाही मान हलवावी लागे. रुग्णालयाचा एक स्वयंपाकी कट्ट्याला पाठ लावून उभा राही आणि फोनवर आपल्या सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेची हकीकत सगळ्यांना सांगे. काकांना ती हकीकत पाठ झाली. मग बस येई, थांबे, आणि लगेच निघून न जाता घरघरत उभी राही. कपाटातल्या कपबशा तिच्याबरोबर घरघरत.

काकू पहिल्याच आठवड्यात बसमध्ये बसल्या. परतल्या त्या लाल गाल घेऊन. ताई बरी आहे म्हणाल्या, आणि रुग्णालयात गुडघेदुखीवाल्यांसाठी गरम पाण्याचा तलाव आहे, त्यात उभं राहून व्यायाम करतात, ताई जातेच, मीही नाव घातलंय, असं एका दमात सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्या दोनदा गेल्या. मग त्यांचा दिवसाआडचा नेमच झाला. काकांचं जेवण झाकून ठेवलेलं असे. काका झाकण उघडत, जेवत, ताट धूत आणि खिडकीत बसत. समोर माणसांची रांग असे, पण ती सगळी कुठेतरी निघालेली असे.

महिनाभराने काकांनी हरकत लिहिली. आवाज, कंपन आणि खिडकीतून आत डोकावणं असे तीन मुद्दे मांडले, आणि चौथ्या मुद्द्यात अनुस्वार घेतला. थांबा चढ संपतो तिथे, लाकडाच्या वखारीपाशी हलवावा अशी मागणी केली. काकूंना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाही असंच त्यांना वाटत होतं. आजवर त्यांनी नगरपालिकेला पुष्कळ हरकती पाठवल्या होत्या, आणि दर वेळी ही बाब आमच्या अखत्यारीत नाही, दुसऱ्या काठाला विचारा, असं उत्तर येई. या उत्तरावर त्यांचा भरवसा होता. दोन काठ आता एकाच टेबलाशी बसतात, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातून निसटली.

हरकतीची दखल घेतली गेली. नकाशावाली एका सकाळी हातात यंत्र घेऊन दारात उभी राहिली. दार काकूंनी उघडलं.

"हरकत घेणारे इथेच राहतात ना?"

"कसली हरकत?"

"थांब्याबद्दलची. आवाज मोजायला आलेय."

काकूंनी मागे वळून पाहिलं. काकांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

"या ना," काकू म्हणाल्या. "चहा टाकते. आवाज मोजायचा म्हणजे वेळ लागेल."

यंत्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. तिघं चहा पीत बसली. यंत्र चालू असल्यामुळे कोणी बोललं नाही. बस आली, घरघरत उभी राहिली, कपबशा थरथरल्या, बस गेली. नकाशावालीने आकडा उतरवून घेतला.

"जास्त आहे?" काकूंनी विचारलं.

"नियमात बसत नाही. थांबा हलवावा लागेल."

"कुठे?"

"वखारीपाशी. मागणी तशीच आहे."

काकूंनी कप गोळा केले. संध्याकाळपर्यंत काका बोलणी खायची तयारी करून बसले होते. उत्तरंही तयार होती, मुद्देसूद. रात्रीच्या जेवणाला काकू एवढंच म्हणाल्या, "मीठ पुढे करा." काकांनी मीठ पुढे केलं. तयार केलेली उत्तरं तशीच राहिली आणि त्यांना ती रात्रभर बाधली.

दोन दिवसांनी खांबावर सूचना लागली की, एका रहिवाशाच्या हरकतीवरून हा थांबा हलवण्याचा विचार आहे, कोणाचं म्हणणं असल्यास कळवावं. काका पडदा ओढून आत बसले. पडदा जाड होता, पण खिडकी उघडी होती.

"कोण असेल हो हा रिकामटेकडा?" केस कापणारी बाई म्हणत होती.

"असा माणूस एकदा रुग्णालयात यायला हवा," स्वयंपाकी म्हणाला. "माझ्या सासऱ्यांना त्या चढावर चालवत नेऊ का? परवाच टाके काढलेत."

"तुम्हाला काही ठाऊक आहे का, काकू? तुम्ही तर इथेच राहता."

काका पडद्याआड ताठ झाले. काकू बाहेर उभ्या होत्या, हातात तलावाच्या कपड्यांची पिशवी होती.

"असेल कोणी म्हातारा माणूस," त्या म्हणाल्या. "दिवसभर घरात एकटा बसत असेल. सगळी जाताना दिसतात, येताना कोणी त्याच्याकडे येत नाही. चिडला असेल."

"म्हणून काय आपण चालायचं?"

"तसं नाही. पण शिव्या नका देऊ त्याला."

बस आली. सगळी चढली. काका बराच वेळ पडद्याआड बसून राहिले. झाकलेलं जेवण त्यांनी त्या दिवशी उघडलंच नाही, आणि संध्याकाळी काकूंनी विचारलं तेव्हा भूक नव्हती म्हणाले. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बूट चढवले. भागीदारीचं कार्यालय पुलापलीकडे होतं. गाडी काढली तर काकू विचारतील कुठे, म्हणून "जरा फिरून येतो" असं सांगून ते बाहेर पडले आणि बस आली तशी तिच्यात चढले. थांबा दारातच असल्याचा हा एक तोटा होता. काकू खिडकीत उभ्या होत्या.

"फिरायला बसने?" त्यांनी विचारलं.

"हो," काका म्हणाले. बस लगेच सुटेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती नेहमीप्रमाणे घरघरत उभी राहिली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी काकूंनीच पडदा ओढून घेतला.

भागीदारीचं कार्यालय रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. दोन्ही नगरपालिकांना एकमेकींच्या इमारतीत बसणं पसंत नव्हतं, म्हणून ही जागा. नकाशावालीने काकांना खुर्ची दिली.

"हरकत मागे घ्यायची आहे," काका म्हणाले.

"आता नाही घेता येणार."

"माझीच आहे ना ती?"

"होती. आता आवाज मोजलाय. उद्या दुसऱ्या कोणी विचारलं की, आकडा जास्त असून थांबा का ठेवला, तर आम्ही काय सांगायचं? सोमवारी सुनावणी आहे. तुमच्या हरकतीला तुमचा विरोध असेल तर येऊन मांडा."

"असं चालतं?"

"चालत नाही असं कुठे लिहिलेलं नाही," नकाशावाली म्हणाली.

सोमवारी काका गेले. सुनावणीची खोली म्हणजे व्यायामोपचाराच्या विद्यार्थ्यांचा वर्ग होता. कोपऱ्यात एक हाडांचा सापळा उभा होता, आणि कोणीतरी त्याच्या बोटांत बसचं तिकीट अडकवलं होतं. टेबलाशी दोन्ही नगराध्यक्ष शेजारी शेजारी बसले होते, कारण अध्यक्षपद अर्ध्या बैठकीनंतर बदलत असे. दोन्ही कंपन्यांची माणसं समोरासमोर होती. रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत होत्या.

"हरकत घेणारे हजर आहेत का?" पहिल्या अध्यक्षांनी विचारलं.

"आहे," काका उठून म्हणाले.

"हरकतीला विरोध करणारं कोणी?"

"मीच," काका म्हणाले आणि उभेच राहिले.

अध्यक्षांनी शेजाऱ्याकडे बघितलं. शेजारी म्हणाले, "अजून तुमचीच पाळी आहे."

"बरं. बोला."

काका बोलायला लागले. हरकतीतल्या पहिल्या मुद्द्यात अतिशयोक्ती आहे, दुसऱ्यातलं कंपन कपबशांपुरतं आहे, तिसऱ्या मुद्द्यातली डोकावणारी माणसं सभ्य आहेत, असं त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाचाही मजकूर एवढा निर्दयपणे तपासला नव्हता. "चौथा मुद्दा मात्र मी मागे घेत नाही," ते म्हणाले. "अनुस्वार हवाच."

हिरव्या कंपनीच्या माणसाने विचारलं, "एक सांगा, आवाज येतो की नाही?"

"येतो."

"त्रास होतो?"

"होतो."

"मग थांबा हलवायला आता तुमची हरकत का?"

काकांनी सापळ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे.

"माझी बायको तिथून बहिणीकडे जाते. तिचे गुडघे गेलेत. वखारीपर्यंतचा चढ तिला झेपणार नाही, आणि झेपत नाही असं ती मला सांगणारही नाही. जायचं बंद करेल."

"हे आधी का नाही लिहिलंत?"

"आधी लिहिलं तेव्हा," काका म्हणाले, "ती जाते याचाच त्रास होत होता."

इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी मान वर केली. "हे घ्यायचं का?"

"घ्या," एक अध्यक्ष म्हणाले.

"नका घेऊ," दुसरे म्हणाले. आणि घड्याळाकडे बघून पुढे म्हणाले, "आता माझी पाळी आहे."

त्यावर नकाशावाली उठली. आवाज मोजताना तिला एक गोष्ट दिसली होती. बस येताना आणि जाताना फारशी ऐकू येत नव्हती. आकडा वाढत होता तो ती उभी असताना. "उतरणारे उतरले, चढणारे चढले, तरी बस तिथे उभी का असते?" तिने विचारलं.

निळ्या कंपनीच्या माणसाने घसा साफ केला. "वेळापत्रकात थोडी सवड ठेवलीय. त्यांच्या हद्दीत जायच्या आधी. उशिरा पोचलो तर हे लोक बोंब मारायला मोकळे."

"आम्हीही ठेवलीय," हिरव्या कंपनीचा माणूस म्हणाला. "तिथेच. तुमच्याचसाठी."

"म्हणजे दोघांनीही?"

"तुम्ही कधी सांगितलंत?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

एवढा वेळ गप्प बसलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बस उभीच करायची आहे तर आमच्या दारात करा. इंजिन बंद करून. आमच्या रुग्णांना चढायलाच पाच-सात मिनिटं लागतात. रोज ड्रायव्हर दार लावून निघतो आणि माणसं मागे हात हलवत राहतात."

यावर चर्चा झाली. चर्चेला विरोध करावा असं त्यात काही नव्हतं, म्हणून ती बरीच लांबली. शेवटी ठरलं ते असं: दोन्ही कंपन्यांची सवड एकत्र करून रुग्णालयापाशी ठेवायची, काकांच्या दारात बस फक्त उतरण्या-चढण्यापुरती थांबेल, थांबा आहे तिथेच राहील आणि महिन्याने पुन्हा आवाज मोजायचा. पाटी बदलायचा ठराव एकमताने झाला. दोन्ही शहरांत एकमताने झालेला तो पहिलाच ठराव असल्याचं इतिवृत्तात नोंदवलं गेलं.

काका घरी आले तेव्हा काकू तलावाचे कपडे वाळत घालत होत्या.

"थांबा राहिला," काका म्हणाले.

"ठाऊक आहे. नकाशावालीचा फोन आला होता ताईला."

"ताईला कशाला?"

"ताई प्रवाशांची प्रतिनिधी आहे भागीदारीत. परवापासून. तिला सगळं कळतं." काकूंनी टॉवेल झटकला. "तुम्ही काय काय बोललात तेही कळलं."

"ते इतिवृत्तात नाही घेतलं."

"नसेल घेतलं." काकूंनी चिमटा लावला. "उद्या येता का माझ्याबरोबर?"

काकांनी थोडा वेळ दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं. "येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं दारातून निघून थेट बसमध्ये चढली. केस कापणाऱ्या बाईने जागा करून दिली. बस लगेच सुटली, आणि ती घरघरत उभी राहण्याची सवय झालेले काका पुढच्या बाकावर जवळजवळ आदळलेच. पूल ओलांडताना ते खिडकीतून खाली बघत होते. नदीत पाणी कमी होतं.

ताईने दार उघडलं. "गाडी कुठे लावलीत?"

"बसने आलो."

"या," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. काकू तिच्या मागोमाग गेल्या. बैठकीत साडू बसले होते. नोकरीभर त्यांनी कारखान्यातला बॉयलर सांभाळला होता आणि त्या आवाजामुळे थोडं कमी ऐकू येई, किंवा तसं सांगणं त्यांना सोयीचं जाई. काका समोर बसले. आत दोघी बहिणी एकाच वेळी बोलत होत्या.

"पत्रिकेचा मजकूर चांगला होता," बऱ्याच वेळाने काका म्हणाले.

"चुका होत्या," साडू म्हणाले.

"होत्या." खोटं बोलणं काकांना जमलं नाही. "पण तेव्हा त्या मला दिसायला नको होत्या."

साडूंनी यावर विचार केला. "मुलाचं बरं चाललंय," ते म्हणाले. "दोन मुली आहेत त्याला."

"कळलं होतं."

चहा झाला आणि चौघं रुग्णालयाकडे निघाली. तलाव तळमजल्यावर होता. आत उष्ण, दमट हवा होती आणि काकांचा चष्मा लगेच वाफेने धुरकटला. तो पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला तेव्हा दोघी बहिणी पाण्यात उतरल्या होत्या. भिंतीलगत सोबत आलेल्यांसाठी लाकडी बाक होता. साडू त्यावर सवयीने बसले. काका शेजारी बसले.

काकू आणि ताई छातीइतक्या पाण्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत होत्या आणि परत फिरत होत्या. पाण्यात काकूंची चाल तरण्या बाईसारखी होती. दोघींची तोंडं एकदाही बंद झाली नाहीत.

"यात व्यायाम कोणता?" काकांनी विचारलं.

"हाच," साडू म्हणाले.

वरच्या झरोक्यातून ऊन आत आलं होतं आणि काकांच्या डोळ्यांवर पडत होतं. साडूंनी ते पाहिलं आणि बाकावर थोडं सरकून जागा केली. काका सरकून सावलीत बसले.